बर्फ पाच महिने, भाडं बारा महिने: ॲस्पेन गावाचं गणित

हंगामी धंद्यावरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे. "सर, सीझन पाच महिन्यांचा, पण भाडं आणि पगार बारा महिन्यांचे. मग करायचं काय?" विचारणाऱ्यांत मालवणकडचे होमस्टेवाले आहेत, महाबळेश्वरचे दुकानदार आहेत, गोव्यात किनाऱ्यावर शॅक चालवणारेही आहेत. व्हिडिओत मी अमेरिकेतल्या ॲस्पेनचं नाव घेऊन पुढे गेलो होतो. आज ते गाव जरा सावकाश बघू. फिरायला जायचं म्हणून नाही, तिथला गल्ला कसा चालतो ते समजून घ्यायला.

ॲस्पेन कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात आहे. उंची सुमारे २,४०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या पावणेदोन पट. कायमची वस्ती साधारण सात हजार. हे गाव उभं राहिलं ते चांदीच्या खाणींवर. १८८९ साली तिथे हॉटेल जेरोम आणि व्हीलर ऑपेरा हाऊस बांधलं गेलं, इतका पैसा होता. आणि १८९३ मध्ये अमेरिकन सरकारने चांदीची ठरलेली खरेदी बंद केली. भाव कोसळले, खाणी बसल्या, आणि १९३० च्या सुमारास जेमतेम सातशे माणसं उरली. एकाच मालावर अख्खं गाव उभं असलं की काय होतं, ते यांनी एकदा भोगलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोचे एक उद्योजक, वॉल्टर पेपकी, आणि डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण घेतलेला माजी सैनिक फ्रीडल फायफर यांनी १९४६ मध्ये स्कीची कंपनी काढली. जानेवारी १९४७ मध्ये माणसं वर नेणाऱ्या लिफ्टचं उद्घाटन झालं. पण मला यातलं पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं. १९४९ च्या उन्हाळ्यात पेपकींनी जर्मन कवी गटे याच्या जन्माला २०० वर्षं झाल्याचं निमित्त करून मोठा सोहळा भरवला. त्यातूनच आजचा संगीत महोत्सव उभा राहिला. म्हणजे बर्फाचा धंदा नीट रांगायलाही लागला नव्हता, तेव्हाच हा माणूस बिनबर्फाच्या महिन्यांचा विचार करत होता.

साडेतीननंतरचा गल्ला

हिवाळ्याचा सीझन नोव्हेंबरअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. लिफ्ट सकाळी नऊला सुरू होतात आणि दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास बंद. आता गिऱ्हाइकाकडे बघा. सहा तास थंडीत घसरून आलेला आहे, पाय दुखतायत, पायात जड बूट आहेत, भूक लागलेली आहे आणि मन खूश आहे. अंधार पडायला अजून तासभर आहे. खोलीवर जाऊन करणार काय?

या वेळेला तिथे 'आप्रे-स्की' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ साधा: स्कीनंतर. आपल्याकडे हॉटेल लाइनमध्ये दुपारी साडेतीन ते सहा ही मेलेली वेळ. वेटर डुलक्या काढतात, मालक हिशेब लिहितो. तिथे हीच वेळ सगळ्यात गजबजलेली. ॲस्पेन माउंटनच्या गोंडोलाच्या अगदी पायथ्याशी एजॅक्स टॅव्हर्न नावाचं ठिकाण आहे. माणूस स्की काढतो आणि बुटांसकट तिथे बसतो. त्यांची प्रसिद्ध डिश कोणती? ट्रफल फ्राईज. म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या सळ्या, ट्रफल या महागड्या कंदासारख्या बुरशीचा वास आणि वर चीज! धंदेवाईक नजरेने बघा: बटाटा स्वस्त, डिश पाच-सात मिनिटांत टेबलावर, चौघांत वाटून खाता येते, आणि खारट असल्यामुळे पेयाची दुसरी ऑर्डर आपोआप निघते. कोणी तरी बसून विचार केलेला पदार्थ आहे हा.

मग रात्रीचं जेवण. ते आधी नोंदवावं लागतं, कारण सीझनमध्ये टेबल मिळत नाही. ज्यांना मोठ्या हॉटेलचं पूर्ण जेवण परवडत नाही, ते त्याच हॉटेलच्या बारमध्ये बसून छोटा मेनू मागवतात. स्वयंपाकघर तेच, दर वेगळा. त्यानंतर कोणी हॉटेल जेरोमच्या जे-बारमध्ये जातो. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा या बारचं सोडा-आइस्क्रीमचं दुकान झालं होतं, आणि लोक मिल्कशेकमध्ये गुपचूप बर्बन घालून पीत. ते पेय 'ॲस्पेन क्रड' नावाने आजही मिळतं. व्हॅनिला आइस्क्रीम आणि दारू, एवढंच. पण गिऱ्हाईक त्या गोष्टीचे पैसे देतं. तुमच्या दुकानाला, तुमच्या गावाला अशी खरी गोष्ट असेल तर ती मेनूकार्डावर का नाही, हा माझा तुम्हाला प्रश्न. त्याहून उशिरापर्यंत जागायचं असेल तर बेली अप नावाचं गाण्याचं ठिकाण आहे, साडेचारशे माणसं मावतील एवढंच, पण तिथे नावाजलेले कलाकार येतात. रात्री दोनला कायद्याने बार बंद.

म्हणजे डोंगराने गिऱ्हाईक आणलं, आणि गावाने त्याच माणसाला दुपारी, संध्याकाळी, रात्री आणि मध्यरात्री वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवलं. यातला एकही दुकानदार स्की विकत नाही.

एक मधलीच गोष्ट. ॲस्पेन माउंटनवर नवशिक्यांसाठी एकही सोपा उतार नाही. मग पहिल्यांदा येणाऱ्याने काय करायचं? जवळच बटरमिल्क नावाचा (हो, ताक!) सोपा डोंगर आहे. शिवाय हायलँड्स आणि स्नोमास. चारही डोंगरांना एकच तिकीट, ये-जा करायला फुकट बस. प्रत्येक डोंगर सगळ्यांसाठी करायच्या भानगडीत कोणी पडलेलं नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. गोंडोला तीच, फक्त स्कीऐवजी फिरायला आणि डोंगर चढायला आलेली माणसं. मरून बेल्स या जोड शिखरांखालच्या तळ्याकडे गाडी नेण्यावर मर्यादा आहे, बहुतेकांना बसनेच जावं लागतं. जुन्या रेल्वेमार्गावर सायकलची वाट केली आहे, ती थेट खालच्या ग्लेनवूड स्प्रिंग्जपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर जाते. हिवाळाभर बंद असलेला, ३,६८७ मीटर उंचीचा इंडिपेंडन्स पास मे महिन्याच्या शेवटी उघडतो. जूनमध्ये १९८३ पासून खाद्य आणि वाइनचा महोत्सव भरतो. आणि संगीत महोत्सवाच्या तंबूबाहेर हिरवळीवर बसून गाणं फुकट ऐकता येतं. लोक चटई आणि खाण्याची टोपली घेऊन येतात. ऐकायचे पैसे नाहीत, टोपली मात्र कुठून तरी भरावीच लागते.

बंद ठेवायचं की उघडं?

आता तुमचा खरा प्रश्न. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत गाव ओस पडतं. बर्फ वितळून चिखल होतो किंवा बर्फ अजून पडलेला नसतो. आपल्याकडे पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद होतात, तसंच. तेव्हा ॲस्पेनमधली बरीच हॉटेलं सरळ कुलूप लावतात. आणि जी उघडी राहतात, त्यांतली अनेक स्थानिकांसाठी दर खाली आणतात.

दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. कसे, ते आपल्या आकड्यांत बघू. समजा, तुमची छोटी खानावळ आहे. भाडं महिना ३०,००० आणि दोन कायम माणसांचे पगार ३०,०००. वर्षाचे झाले ७,२०,०००. सीझन १५० दिवसांचा धरला तर रोजचे ४,८०० रुपये फक्त यासाठी बाजूला पडले पाहिजेत. बहुतेक जण ६०,००० ला ३० ने भागतात आणि "रोज दोन हजारांत भागतंय" म्हणून सीझनमध्ये खूश असतात. मग जुलैमध्ये उधारी.

हे पैसे सीझनमध्येच वेगळे काढले असतील, तर ऑफ-सीझनला हिशेब वेगळा होतो. भाडं आणि पगार तर दुकान बंद ठेवलं तरी जाणारच. म्हणून ते आता मोजायचेच नाहीत. मोजायचा फक्त उघडल्यामुळे वाढणारा खर्च: गॅस, वीज, रोजंदारीचा माणूस. समजा, दिवसाला १,५००. थाळी २०० ची, त्यात कच्चा माल ८० चा, हातात उरतात १२०. तेरा थाळ्या गेल्या की उघडण्याचा खर्च निघाला. गावातल्यांना तीच थाळी १६० ला दिली तर उरतात ८०, आणि १९ थाळ्या लागतात. त्यापुढची प्रत्येक थाळी भाड्याला ८० रुपये हातभार लावते. तर प्रश्न एवढाच: भर पावसात रोज एकोणीस स्थानिक माणसं तुमच्याकडे जेवतील का? जेवत असतील तर उघडा. नसतील तर कुलूप लावा, रंगकाम करा, माणसांना रजा द्या. "लोक काय म्हणतील" म्हणून रिकामं हॉटेल उघडं ठेवणं हा शुद्ध तोटा आहे.

स्थानिकांच्या दराचा अजून एक फायदा आहे, तो वहीत दिसत नाही. ऑफ-सीझनला तुमच्याकडे जेवणारा माणूस म्हणजे कुठल्या तरी लॉजचा मॅनेजर, रिक्षावाला, होडीवाला. पर्यटक सीझनमध्ये यांनाच विचारतात, "इथे चांगलं जेवण कुठे मिळेल?" मात्र हा दर पर्यटकांच्या मेनूवर छापू नका, नाहीतर डिसेंबरमध्येही लोक तोच मागतील.

गाव चाललं, आचारी राहणार कुठे?

ॲस्पेनची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती जाहिरात होईल. गाव इतकं चाललं की स्वतंत्र घराची किंमत साधारण एक कोटी डॉलरच्या पलीकडे गेली. मुख्य रस्त्यांवर गुची, प्रादा अशी दुकानं आली. भाडं वाढलं की आधी जातो तो लहान दुकानदार, आणि त्याच्याबरोबर काम करणारी माणसं. ट्रफल फ्राईज तळणारा आचारी गावात राहू शकत नाही. कित्येक कामगार खालच्या बसाल्ट, कार्बनडेल, ग्लेनवूडहून रोज बसने वर येतात. हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतले विद्यार्थीही येतात, कारण त्यांची उन्हाळ्याची सुट्टी तेव्हाच असते. त्यांनाही झोपायला खाट लागतेच.

गावाने यावर केलेला उपाय दखल घेण्यासारखा आहे. गावात मालमत्ता विकली गेली की किमतीवर दीड टक्का कर बसतो. त्यातला एक टक्का कामगारांच्या घरांसाठी, अर्धा टक्का व्हीलर ऑपेरा हाऊस आणि इतर कलांसाठी. अशा तऱ्हेने आणि इतर नियमांमुळे तीन हजारांहून जास्त घरं स्थानिक नोकरदारांसाठी राखून ठेवली गेली आहेत. तरीही रांग असतेच.

आपल्याकडे हे काम कोणी करणार नाही, ते मालकाला स्वतःच करावं लागतं. किनाऱ्यावर खोल्या होमस्टेला गेल्या की वेटर झोपतो स्टोअररूममध्ये, आणि भर डिसेंबरात काम सोडून जातो. मग तुम्ही मला विचारता, "सर, माणसं टिकत नाहीत." म्हणून वरच्या हिशेबात अजून एक ओळ वाढवा. माणसांच्या खोलीचं भाडं महिना ८,००० धरलं तर वर्षाचे ९६,०००. भागिले १५०, म्हणजे रोजचे ६४०. तुमचा आकडा आता ४,८०० नाही, ५,४४० आहे. तुमचं खरं भाडं, खरे पगार आणि सीझनचे खरे दिवस घालून हा भागाकार आज रात्री करा, आणि आलेला आकडा कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन-तीन हिशेब घेऊन बसू.