आईला कोलंबिया दाखवायचे आहे

आमची आई बहात्तर वर्षांची. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही. पण बाबासाहेब कुठे शिकले असे कोणी विचारले, की ती पटकन सांगते, "अमेरिकेत, कोलंबियात." माझी भाची नोकरीनिमित्त न्यू जर्सीला गेली आणि एके रात्री जेवताना आईने विषय काढला, "आता तिथं आपलं माणूस आहे. मला एकदा ती शाळा दाखव."

मी कारकून माणूस. गाठीची शिल्लक, कार्यालयाची परवानगी आणि वीस दिवसांची रजा, एवढ्यात सारे बसवायचे. सहा महिन्यांच्या जुळवाजुळवीत जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली चूक माझीच. एका प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक आणले. बारा दिवसांत न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, लास व्हेगास, लॉस एंजेलिस! नकाशावर सगळे वीतभर अंतरात दिसते. पण हा देश आकाराने भारताच्या जवळजवळ तिप्पट आहे. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस विमानानेच सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि उतरल्यावर घड्याळ तीन तास मागे करायचे. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीने बसमध्ये बसून काय पाहायचे? शिवाय त्या यादीत कोलंबिया विद्यापीठ नव्हतेच. पत्रक मुलाच्या वह्यांना कव्हर घालायला दिले.

आता फक्त पूर्व किनारा ठरवला आहे. मुक्काम भाचीकडे. तिथून न्यूयॉर्क लोकलने गाठता येते. पुढे भुयारी रेल्वेची १ क्रमांकाची गाडी धरायची, ११६व्या रस्त्याच्या स्थानकाला विद्यापीठाचेच नाव आहे. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली इथे आले आणि १९१६ पर्यंत शिकले. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे, तो १९९५ साली बसवला गेला.

इथेच आम्ही फसलो असतो. २०२४ मधील विद्यार्थी आंदोलनांनंतर या विद्यापीठाने बाहेरच्या लोकांना आत सोडण्यावर निर्बंध घातले. ओळखपत्र असलेल्यांना किंवा आतल्या कोणी पाहुणा म्हणून आधी नाव नोंदवलेल्यांना प्रवेश, असा नियम झाला. हजारो मैल जाऊन आईला फाटकाच्या गजांतून आत बघायला लावायचे, हे माझ्याने झाले नसते. तेव्हा भाचीला आधी तिथे शिकणारा आपला एखादा विद्यार्थी शोधायला सांगितले. तो सापडला आहे, नाव नोंदवायला तयारही आहे. तरी निघण्याच्या आठवड्यात नियम पुन्हा पाहूनच जाणार.

कागदपत्रांनी खरा घाम काढला. आईचे नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरे, वडिलांच्या पेन्शनच्या कागदात तिसरे. आपल्या बहुतेक घरांतल्या बायकांची हीच कथा आहे. लिहिणाऱ्याने लिहिले, हिने अंगठा दिला. आधी आधार दुरुस्त केले, मग पासपोर्ट. जन्माचा दाखला नाही म्हणून घाबरू नये. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना दुसरे पुरावेही चालतात. मात्र नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरलेले हवेत. नावाचा रकाना कोरा राहिला तर व्हिसावर 'पहिले नाव अज्ञात' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे उमटतात.

पर्यटक व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर आहे. नकार मिळाला तरी ती परत मिळत नाही. म्हणून विमानाचे तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढायचे. त्यांचा कायदाही मजेशीर आहे. अर्जदार तिथेच राहायला निघाला आहे असे अधिकाऱ्याने धरून चालायचे, आणि तसे नाही हे आपण पटवून द्यायचे. माझी नोकरी, रजेचा मंजूर अर्ज, मुलांच्या शाळा, घराचे कागद, सगळे एका फायलीत लावून ठेवले आहे. व्हिसा मिळाला तरी मुक्काम किती दिवसांचा, हे तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

आरोग्य विम्यात हात आखडता घेऊ नये. तिकडच्या दवाखान्याचे एक बिल आपली आयुष्याची शिल्लक खाऊन टाकील. आईला रक्तदाब आणि साखर. जुने आजार बऱ्याच पॉलिसीत धरत नाहीत, म्हणून बारीक अक्षरे मी दोनदा वाचली. गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यायच्या.

आईशी वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. तिला दीक्षाभूमीची माती आणि बोधिवृक्षाचे रोप न्यायचे होते. परवान्याशिवाय माती आणि रोप तिकडे नेता येत नाही, हे पटवायला दोन दिवस लागले. मसाला, चटणी चालेल, पण खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते.

जाणे ऑक्टोबरमध्ये. तेव्हा थंडी सोसण्यासारखी असते. शिवाय १४ ऑक्टोबर साधायचा आहे. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला ॲकोकीक गावी राम सुतार यांनी घडविलेला बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा आहे, त्याचे अनावरण २०२३ साली याच तारखेला झाले. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टन रेल्वेने साधारण साडेतीन तास. पुढे मेट्रो जात नाही, मोटार करावी लागेल.

सध्या रोज संध्याकाळी मुलाखतीचा सराव चालतो. माझी मुलगी अधिकारी होते. "आजी, अमेरिकेला कशाला जाता?"

"बाबासाहेबांची शाळा बघायला."

"मग परत कधी येणार?"

"वीस दिवसांत. विहारातली रविवारची झाडलोट माझ्याकडं आहे."