बाबांची कविता छापलेला अंक कुठे मिळेल?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी कळवलं की ऐकताना नावं आणि सालं निसटतात. म्हणून यावेळी लिहून काढताना ती नीट घातली आहेत. बोलतानाची भंकस थोडी कापली आहे. थोडीच.

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर झालेत. फराळ करता करता सहज बोलून गेले, "माझी एक कविता छापून आली होती. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल." आईच्या हातातली चकली तशीच राहिली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि तिलाही हे माहीत नव्हतं!

कुठे छापली, तर मासिकाचं नाव नक्की आठवत नाही. काढणारे एक मास्तर होते, कव्हर हिरवं होतं, तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका छापणारा एक ट्रेडल प्रेस होता, तिथे छापलं होतं. तीन-चार अंक निघाले आणि बंद पडलं.

मी काय केलं असेल? फोन काढला आणि सर्च केलं. बाबांचं नाव, कविता, साल. शून्य. म्हणजे अगदी शून्य नाही, त्याच नावाच्या एका डेंटिस्टचा क्लिनिक सापडला. मी दिवसभर सर्च आणि इंडेक्सिंगचंच काम करतो, त्यामुळे जरा लागलंच. आपण धरून चाललेले असतो की जे आहे ते सापडतं, आणि जे सापडत नाही ते नव्हतंच.

तर गेलं वर्षभर मी या मासिकांच्या मागे आहे. आजचा एपिसोड त्याबद्दल.

आधी शब्द समजून घेऊ. मासिक महिन्याने निघतं, पाक्षिक पंधरा दिवसांनी, ही झाली नियतकालिकं. 'अनियतकालिक' म्हणजे जे पैसे जमतील तेव्हा निघतं. गंमत वाटेल, पण हा शब्द खरोखर वापरात आहे. अभ्यासक 'लघुनियतकालिक' असंही म्हणतात. अनियत असण्यामागे एक व्यावहारिक कारणही होतं. ठरलेल्या अंतराने काही छापायचं तर १८६७ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर डिक्लेरेशन, मग नोंदणी, असं लचांड मागे लागायचं. खिशात बसचे पैसे नसलेली पोरं कुठे ते करत बसणार? (तो कायदा आता गेला. २०२३ मध्ये नवा आला.)

मराठीत या प्रकाराची सुरुवात १९५५ पासून मोजतात. त्या वर्षी अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाइल करून. तेव्हा कोलटकर असतील तेवीस वर्षांचे आणि चित्रे सतराचे. सतराव्या वर्षी मी जेईईच्या क्लासमध्ये डुलक्या घेत होतो.

सायक्लोस्टाइल म्हणजे काय, हे मला एका निवृत्त क्लार्ककाकांनी समजावलं, आणि इंजिनियर म्हणून मी जाम खूश झालो. मेणाचा थर दिलेला एक पातळ कागद असतो, स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टाइप करायचं, म्हणजे अक्षराचा ठसा शाई न लावता मेण कापतो. टाइपरायटर नसेल तर टोकदार लेखणीने हातानेच कोरायचं. मग हा कागद शाई भरलेल्या ड्रमवर गुंडाळायचा आणि हँडल फिरवायचं. एक फेरा, एक पान. कापलेल्या जागेतून शाई झिरपते आणि अक्षर उमटतं. चूक झाली तर नेलपॉलिशसारखं एक द्रव लावून भोक बुजवायचं आणि वर पुन्हा टाइप करायचं. काही शे प्रती काढल्या की स्टेन्सिल फाटायला लागतो आणि आवृत्ती संपते. मास्टर कॉपी अशी काही उरतच नाही. बॅकअप नाही, सोर्स फाइल नाही. ज्या प्रती वाटल्या त्या टिकल्या तर टिकल्या.

पण एवढा खटाटोप कशाला? मोठी मासिकं होतीच की! उत्तर त्यातच आहे. त्या काळात कवी-कथाकार म्हणून नाव व्हायचं तर 'सत्यकथा' मासिकात छापून यावं लागे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक भयंकर काटेकोर. एकेका कथेवर लेखकाला लांबलचक पत्रं लिहीत, पुन्हा लिहून घेत. यातून मराठीला फार चांगले लेखक मिळाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दार एकच आणि दारावर उभी असलेली माणसंही तीच, असं झालं की बाहेर राहिलेल्यांची भाषा, त्यांची वस्ती, त्यांच्या शिव्या आत येत नाहीत. साठच्या दशकात अशोक शहाणे 'असो' काढत होते. औरंगाबादेत भालचंद्र नेमाडे आणि मित्रांचं 'वाचा' होतं. 'येरू', 'फक्त', 'भारुड' अशी नावं बघा, एकाही नावात 'शारदा' किंवा 'ज्योती' नाही. १९६९ मध्ये तर राजा ढाले आणि इतरांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. मासिक जाळणं मला अजूनही पटत नाही. पण त्यांना ते का करावंसं वाटलं, हे आता कळतं.

याच काळात औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी एक त्रैमासिक सुरू केलं, आधी 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' या नावाने. आपण आज 'आयडेंटिटी' म्हणतो तोच शब्द त्यांनी मुखपृष्ठावर छापला होता. दलित लेखकांना इथे लिहायला जागा मिळालीच, पण पानतावण्यांनी लेखक-वाचक मेळावेही भरवले. पहिल्यांदा लिहिणारा मुलगा आणि त्याला वाचणारी माणसं एका मांडवात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ते गेले.

मला 'अस्मितादर्श'चा जुना अंक एका रद्दीवाल्याकडे सापडला, तीस रुपयांना. उभ्या उभ्या दोन आत्मकथनपर लेख वाचले आणि मग फुटपाथवर बसूनच घेतलं. आता जरा वैयक्तिक सांगतो. कॉलेजमध्ये असताना मी आडनाव सांगायचं टाळायचो. ऑफिसात कुणी "पूर्ण नाव काय तुझं?" असं गोड आवाजात विचारलं की ते नेमकं काय विचारतायत हे मला कळतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळतं. त्या अंकात माणसांनी आपली नावं, गावं, वस्त्या, बापाचं काम, सगळं उघड लिहिलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी. माझ्यापेक्षा कमी पगारात.

हे सगळं १९५५ ला सुरू झालं असं मघाशी म्हणालो, पण ते अर्धसत्य आहे. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले होते. 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला होता. मग १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आलं. त्यातले बहुतेक रकाने बाबासाहेबांना एकट्याला भरावे लागत, कारण ना माणसं ना पैसा. मोठ्या पत्रात जागा नाही म्हणून आपलं छोटं काढायचं, ही परंपरा सायक्लोस्टाइलच्या बरीच आधीची आहे. मला शाळेत यातलं 'मूकनायक' हे एक नाव कळलं होतं, तेही रिकाम्या जागा भरा या प्रश्नामुळे.

हे अंक आज आपण वाचू शकतो, कारण वसंत मून यांनी ते गोळा केले आणि राज्य सरकारने १९९० मध्ये त्यांचा एकत्र खंड छापला. एका माणसाने घरोघर फिरून प्रती जमवल्या नसत्या तर? हा प्रश्न मला बाबांच्या हिरव्या कव्हरपाशी परत आणतो.

कलेच्या बाजूने सांगायचं तर कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले अव्वल डिझायनर होते. १९७६ मध्ये त्यांनी आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांच्याबरोबर मुंबईत 'क्लिअरिंग हाऊस' ही कवींची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. 'जेजुरी' तिथून आलं आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्यांच्या मराठी कविता अशोक शहाण्यांच्या 'प्रास प्रकाशन'ने काढल्या. प्रासची पुस्तकं हातात घेऊन बघाच. कागद, आकार, अक्षर, प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी भांडलंय असं वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' काढलं, समलिंगी लोकांसाठी. इंटरनेट नव्हतं, कायदा विरोधात होता, आणि कुणीतरी कुठेतरी लपवून ते वाचत होतं. यावर वेगळा एपिसोड करीन.

तर, शोधायचं कुठे? मॉलमधल्या दुकानात हे मिळणार नाही. पुण्यात शनिवार पेठेत 'साधना'चं दुकान आहे, मुंबईत प्रभादेवीला लोकवाङ्मय गृह. जुन्या अंकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी जुनी ग्रंथालयं. तिथे जाताना दुपार मोकळी ठेवा आणि कॅटलॉगवर अवलंबून राहू नका, काउंटरवरच्या माणसाशी बोला. एका ग्रंथालयात मला "असलं काही आम्ही ठेवत नाही" म्हणून वाटेला लावलं होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वेगळ्या बाई होत्या. त्यांनी माळ्यावरून सुतळीने बांधलेले चार गठ्ठे काढून दिले, वर चहाही विचारला.

पण खरी जागा वेगळीच आहे. ६ डिसेंबर, दादर, शिवाजी पार्क. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, कुणी स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह, जिल्ह्याच्या गावाहून आलेलं त्रैमासिक, गाण्यांची चोपडी. लेखक स्वतः सतरंजीवर बसलेला असतो. पावती मागितली तर हसतो. इथलं बरंचसं कधीच ऑनलाइन येणार नाही. नागपूरला दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या सुमारास असंच असतं. लोक वर्षभर पैसे साठवून येतात आणि पिशव्या भरून पुस्तकं नेतात. आमच्या टीमच्या ग्रुपवर मात्र त्या दिवशी एवढाच मेसेज असतो: "आज दादर टाळा, गर्दी आहे."

मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून तिथे गेलोय. नोकरी लागल्यावर जायचो ते रजेच्या कारणात 'पर्सनल वर्क' लिहून.

मागच्या डिसेंबरला मी स्टॉलस्टॉलवर हिरव्या कव्हरचं विचारत फिरलो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने विचारलं, "मास्तरांचं नाव काय?" ते मला माहीतच नव्हतं. तिथूनच बाबांना फोन लावला. त्यांना पहिलं नाव आठवलं, मग गावाचं, मग एकदम म्हणाले, "थांब, कविता आठवते का बघतो." त्या गर्दीत, एका कानावर हात ठेवून, मी कविता ऐकली. मध्ये दोन ओळी अडल्या. रेकॉर्डिंग चालू करायचं मला सुचलं तेव्हा अर्धी झाली होती.

अंक अजून मिळालेला नाही. विक्रेत्याने मास्तरांचं नाव वहीत लिहून घेतलंय आणि "पुढच्या वर्षी या" म्हणालाय. यंदा बाबाही येणार आहेत, त्यांना चाकाची बॅग हवीय, पुस्तकं उचलवत नाहीत म्हणून. रजेचा अर्ज मी परवाच टाकला. कारणात 'चैत्यभूमी' लिहिलं. मॅनेजरने दोन मिनिटांत अप्रूव्ह केला, काही विचारलं नाही.

तुमच्या घरात माळ्यावर हिरव्या कव्हरचं काही असेल तर कळवा.