पाळीआधीची चिडचिड: स्वभाव की आजार?

"डॉक्टर, पाळी जवळ आली की हिच्याशी बोलायची सोय नसते," असं नवरे सांगतात. शेजारी बसलेली ती बहुधा गप्पच असते.

पाळीच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत चिडचिड, रडू येणं, झोप बिघडणं आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत हे ओसरणं, याला पीएमएस म्हणतात. यात हार्मोन्सची पातळी सहसा नॉर्मलच असते. त्यांच्या चढउताराला काहींचा मेंदू जास्त संवेदनशील असतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की 'नाटक करते' असं ठरत नाही.

उलटी चूकही होते. तिची रास्त तक्रारसुद्धा 'तारीख जवळ आली वाटतं' म्हणून उडवली जाते. (हे मला जास्त खटकतं.) खरं काय ते कळण्यासाठी दोन महिने रोज मूड, झोप आणि पाळीचे दिवस वहीत लिहा. त्रास महिनाभर राहत असेल तर नैराश्य, थायरॉइड तपासावं लागतं.

घर-काम कोलमडण्याइतका त्रास म्हणजे पीएमडीडी. त्यावर सेरोटोनिनशी संबंधित गोळ्या असतात. काहींना त्या पाळीआधीचे दोन आठवडेच पुरतात. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र वहीसाठी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.