गर्भारपणातला ‘बीपी’ आणि बाळाचा मेंदू

गर्भारशीचे पाय सुजले की घरातली जाणती माणसं म्हणतात, ‘पाणी उतरलंय, बाळंत झाली की ओसरेल.’ बरेचदा ते खरंही असतं. पण सुजेबरोबर रक्तदाब, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘बीपी’, वाढला असेल तर गोष्ट वेगळी. त्यात आईच्या जिवाला धोका असतो हे आता खेडोपाडी माहीत झालं आहे. पोटातल्या बाळाच्या मेंदूवरही त्याचा परिणाम होऊ शकतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला की तो जास्त समजतात. पाचव्या महिन्यानंतर असा दाब वाढला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर डॉक्टर त्याला ‘प्री-एक्लॅम्पशिया’ म्हणतात. तो आवरला नाही तर बाईला झटके येतात. ही बाहेरची बाधा नव्हे. अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवला तर दोन्ही जीव जातात.

बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. त्यासाठी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हाव्या लागतात. या आजारात त्या पुरेशा रुंदावत नाहीत. चारी अरुंद राहिली की टोकाच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसाच हा प्रकार. बाळ वजनाला कमी भरतं. दाब फारच चढला तर दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावं लागतं, आणि मेंदूची मोठी वाढ तर शेवटच्या महिन्यांतच होत असते.

फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात १९३४ ते १९४४ या काळात जन्मलेल्या पुरुषांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आईला गर्भारपणात रक्तदाब होता, त्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर घेतलेल्या बुद्धीच्या चाचणीत सरासरी सुमारे चार गुण कमी पडले. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. अशा मातांच्या मुलांत स्वमग्नता आणि अतिचंचलता यांची शक्यता तीस-पस्तीस टक्क्यांनी जास्त दिसली. याचा अर्थ शंभरातली तीस मुलं आजारी, असा नव्हे. मुळात प्रमाण थोडं, त्यात थोडी भर. बहुतेक मुलं ठीकच वाढतात. या भरीला एकटा रक्तदाबच कारण आहे की आणखी काही, हेही अजून पक्कं ठरलेलं नाही. पण मूल मागे पडलं की ‘ग्रहण पाळलं नाही’ म्हणून सुनेला बोल लावण्याला काहीच आधार नाही, एवढं नक्की.

मग करायचं काय? प्रत्येक तपासणीला रक्तदाब आणि लघवी दोन्ही बघून घ्यावी. दाब वाढला तरी बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही, म्हणून ‘बरं वाटतंय’ यावर विसंबू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही योजना चालू आहे. चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत. जोडीला नाचणी, दूध आहारात असावं. पहिली खेप, जुळं, आधीचा रक्तदाब, मधुमेह किंवा मागच्या खेपेला हाच त्रास असेल तर ते डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगावं. काहींना ते कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात; ती मनाने मात्र घेऊ नये. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, तोंडा-हातावर अचानक सूज, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करावा.

ग्रामपंचायत आणि गावची आरोग्य समिती यांचंही काम आहे. उपकेंद्रातलं बीपीचं यंत्र चालू आहे का, लघवी तपासायच्या पट्ट्या आणि गोळ्या शिल्लक आहेत का, हे मासिक बैठकीत विचारावं. बाळाची मान धरणं, बसणं, बोलणं उशिरा होत असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवावं. ती तपासणी मोफत असते, आणि जितकी लवकर तितका उपयोग जास्त.

तपासणीच्या दिवशी सुनेला शेतावरून सुट्टी द्या. खुरपणी दुसऱ्या दिवशी करता येते.