लेकराला अंगाशी बांधताना

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि वस्तीतली एक सून आमच्याजवळ येऊन बसली. चार महिन्यांचं लेकरू छातीशी, बाजारातून सातशे रुपयांना आणलेल्या बेबी बेल्टमध्ये. लेकराचे पाय खाली लोंबत होते, मान एका बाजूला कलली होती आणि आईच्या खांद्यावर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. “सिस्टर, यात टाकलं की रडतंय. पैसे पाण्यात गेले का?” शेजारी सासूबाई होत्या. म्हणाल्या, “आम्ही लुगड्यात बांधून चार लेकरं वाढवली.” तशी सून हळूच बोलली, “आत्या, लुगड्यात बांधून बाजारात गेलं तर लोक मागून खाणारी समजतील.”

हे बोलणं आम्हाला लागलं. आपल्या आयांनी लेकरं पाठीशी बांधली ती हौस म्हणून नाही. मजुरी बुडवता येत नव्हती आणि लेकरू सांभाळायला घरी कोणी नव्हतं. म्हणून ते धडपं गरिबीची खूण झालं. पण त्यात कापडाचा काय दोष? मोठ्या शहरांत शिकलेल्या आया तसंच लांब सुती कापड ‘बेबी रॅप’ म्हणून हजारो रुपये मोजून घेतात.

बेल्ट घ्या की साडी, बघायचं ते लेकरू आत कसं बसतं. पहिलं म्हणजे श्वास. लहान लेकराचं डोकं जड आणि मान कच्ची. हनुवटी छातीला टेकली की श्वासनळी दबते, आणि लेकरू रडतही नाही, गप्प होतं. झोळीसारख्या पिशव्यांत तान्ही लेकरं गुदमरून दगावली, म्हणून २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने आयांना जाहीर इशारा दिला होता. चार महिन्यांच्या आतल्या लेकरांना जास्त जपा, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हा लेकरू आडवं नको, उभं धरा. तोंड कायम दिसलं पाहिजे, त्यावर पदर नको. हनुवटीखाली दोन बोटं जावीत. मान खाली घातली की कपाळाचा मुका घेता यावा, इतकं ते वर असावं.

दुसरं म्हणजे पाय. लोंबणाऱ्या पायांनी कच्च्या खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, बेडूक बसतो तसं. आपल्या बाया लेकरू कडेवर घेतात तेव्हा ते आपोआप असंच बसतं. लेकराचं तोंड बाहेर करून लटकवायची फॅशन आली आहे, ती आम्हाला पटत नाही.

त्या सुनेच्या बेल्टची बैठक अरुंद होती. आम्ही तिचीच सुती ओढणी लेकराच्या बुडाखालून एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत ताणून पट्ट्यांना बांधली, पट्टे आखडून लेकरू वर घेतलं. पाच मिनिटांत झोपलं. नवा बेल्ट घेणार असाल तर कमरेचा रुंद पट्टा असलेलाच घ्या. वजन कमरेवर आलं पाहिजे, नुसतं खांद्यावर आलं तर पाठ धरते.

साडी वापरायची तर सुती, जुनी पण न विरलेली. नायलॉनची गाठ सरकते आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लेकरू घामाघूम होतं. पाच-साडेपाच मीटरची साडी पुढून बांधायला पुरते. मध्यभाग पोटाशी धरायचा, टोकं पाठीवर एकमेकांवरून नेऊन खांद्यांवरून पुढे आणायची. लेकरू आत बसवून तीच टोकं त्याच्या बुडाखाली फुली करून मागे न्यायची आणि दुहेरी गाठ मारायची. लेकरू स्वतः बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, पाठीवर घेऊ नका. पाठीवर तोंड दिसत नाही. सिझर झालेलं असेल तर टाका दुखतो तोवर पोटावर गाठ नको. डोक्यावर भारा किंवा घागर आणि अंगाशी लेकरू, हे तर कधीच नको. अंग बाहेर आलेल्या कितीतरी बाया आम्ही तपासल्या आहेत.

कमी दिवसांचं किंवा दोन किलोच्या आतलं लेकरू असेल तर हे बांधणं नुसती सोय नाही, औषध आहे. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या, म्हणून डॉक्टरांनी अशी लेकरं आईच्या उघड्या छातीशी बांधली. त्यालाच कांगारू मदर केअर म्हणतात. आपल्या देशासह पाच देशांतल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर असं धरलेल्या फार हलक्या लेकरांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये तो छापून आला. बापाची छातीही चालते, दादांनो. दवाखान्यात सिस्टरकडून शिकून घ्या आणि घरी आशाताई येतील तेव्हा बांधून दाखवा.

चुलीपाशी, हळद शिजवताना, फवारणीच्या रानात आणि मोटारसायकलवर मात्र लेकरू बांधून नेऊ नका. फवारणीला नेसलेली साडी धुतली तरी लेकराला वापरू नका.

मग लेकरू ठेवायचं कुठं? ऊसतोडीला गेलेल्या बाया ते फडाच्या कडेला झोळीत टाकतात, तिथं ट्रॅक्टर मागेपुढे होतो, साप निघतात. नाहीतर आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर देतात आणि तिची शाळा सुटते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कामकरी बाईच्या प्रसूती लाभाच्या विधेयकासाठी बोलले. पुढच्या वर्षी कायदा झाला, पण तो कारखान्यांतल्या बायांसाठी. फडात तो पोचला नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मात्र कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची, असं लिहिलं गेलं. ही मागणी आपण मुकादमाकडेही एकत्र जाऊन करू शकतो. वस्तीतल्या तिघी-चौघींनी आम्हाला सांगावं, आम्ही सोबत येतो.

पुढच्या पौर्णिमेला येताना आपली सुती साडी आणि तीन किलो ज्वारीची पिशवी घेऊन या. आधी ज्वारी बांधून बघू, गाठ जमली की मग लेकरू.