नांवाची राखण



खडकवासल्याचें धरण माझ्या घरापासून फार दूर नाहीं. रविवारीं पुण्याची मंडळी तेथील चौपाटीवर येतात, कणसें व भजीं खातात आणि दिवेलागणीस परत जातात. अशाच एका रविवारीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्याच्या पत्नीनें घरीं मेतकूट व चटण्या करून विकण्याचा उद्योग आरंभिला आहे. पुडीवर लावावयाचें लेबल पुढें करून तो म्हणाला, “गुरुजी, शुद्धलेखन तेवढें तपासून द्या.” लेबलावर होतें, ‘खडकवासला शुद्ध मेतकूट’. शुद्धलेखन बिनचूक होतें. चूक नांवांतच होती.

ती कशी, तें पाहूं. ‘खडकवासला’ हें गांव, ‘शुद्ध’ हा गुण आणि ‘मेतकूट’ हा माल. यांपैकीं एकाही शब्दावर कोणा एकाची मालकी नाहीं. उद्यां शेजाऱ्यानें हेंच नांव आपल्या पुडीवर घातलें, तर त्यास अडवावयाचें कशाच्या बळावर? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणें, केवळ मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगणाऱ्या शब्दांची नोंद सहसा होत नाहीं. दीर्घ वापरानें असा शब्द एकाच विक्रेत्याची ओळख होऊन बसला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून नांव असें निवडावें कीं, तें मालाचें वर्णन करणार नाहीं, पण गिऱ्हाइकाच्या ध्यानांत राहील.

दुकानाचा परवाना मिळाला म्हणजे नांव आपलें झालें, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. परवाना धंदा करण्याचा असतो. नांवाचा हक्क वापरानें व नोंदणीनें येतो.

याचें उदाहरण पुण्यांतच आहे. लष्कर भागांत १९९२ च्या सुमारास ‘बर्गर किंग’ नांवाचें एक उपाहारगृह निघालें. त्याच नांवाच्या अमेरिकन कंपनीनें भारतांत आपल्या चिन्हाची नोंद १९७९ मध्येंच केली होती. मात्र तिचें येथील पहिलें दुकान २०१४ मध्यें उघडलें. कंपनीनें २०११ मध्यें दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें, येथील उपाहारगृहाचा वापर आधीचा आहे हें लक्षांत घेऊन, तो फेटाळला. डिसेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांस तें नांव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या मनाईस स्थगिती दिली. आधीचा वापर ही मोठी ढाल खरी. पण ती धरून वर्षानुवर्षें उभें राहणें घरगुती उद्योगास परवडेल काय?

त्यापेक्षां आरंभींच थोडे श्रम घ्यावेत. प्रथम व्यापारचिन्ह कार्यालयाच्या नोंदींत तसेंच किंवा त्यासारखें ऐकूं येणारें नांव आहे काय, हें शोधावें. त्यास पैसे पडत नाहींत. मग अर्ज करावा. मालाचे व सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले तिसाव्या वर्गांत मोडतात. व्यक्तीस किंवा लहान उद्योगास संगणकावरून अर्ज केल्यास प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क आहे. तपासणींत अर्ज टिकला म्हणजे तो नियतकालिकांत प्रसिद्ध होतो व चार महिने हरकतींस वाव राहतो. नोंद अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षें चालते; पुढें तिचें नूतनीकरण होतें. नोंदणीपूर्वीं वर्तुळांतील ‘आर’ हें अक्षर मात्र छापूं नये. तो अपराध आहे.

आणि पहिल्या विक्रीचें बिल, छापखान्याची तारखेची पावती व लेबलाचा पहिला नमुना जपून ठेवावा. आधीचा वापर सिद्ध करण्याची वेळ आली, तर हेच कागद साक्षीस येतात.

पुढल्या रविवारीं माझा विद्यार्थी नवें लेबल घेऊन आला. नांव त्याच्या पत्नीनें योजिलेलें, छोटें आणि गोड होतें. तें मी येथें सांगत नाहीं. अर्ज अजून दाखल व्हावयाचा आहे!