मेंदूची अर्बुदे, व्हायरस संसर्ग व मायक्रो-आरएनए

मेंदूतील कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे निर्माण होणाऱ्या गाठींना मेंदूची अर्बुदे म्हणतात. तंत्रिकांना आधार व पोषण देणाऱ्या ग्लिया कोशिकांशी संबंधित अर्बुदांस ग्लायोमा अशी संज्ञा आहे. ग्लायोब्लास्टोमा हा त्यांपैकी सर्वांत मारक प्रकार होय. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे या सर्वांचा अवलंब करूनही या विकारात निम्म्याहून अधिक रुग्ण दीड वर्षाच्या आत दगावतात. आयनीकारक प्रारण व काही आनुवंशिक दोष ही कारणे ज्ञात असली, तरी बहुसंख्य रुग्णांत कोणतेच कारण आढळत नाही. त्यामुळे एखादा व्हायरस या रोगाच्या मुळाशी असावा काय, या प्रश्नास महत्त्व प्राप्त झाले आहे.

व्हायरसामुळे अर्बुद होऊ शकते, हे पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांनी दाखविले. जेसी व्हायरस हॅम्स्टरच्या मेंदूत टोचल्यास अर्बुदे होतात, असे १९७३ मध्ये आढळले. तथापि हा व्हायरस बहुसंख्य प्रौढ माणसांच्या शरीरात निरुपद्रवी अवस्थेत असतो. यावरून प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हे स्पष्ट होते.

व्हायरस कोशिकेचे नियंत्रण कसे बिघडवू शकतो, याचा एक मार्ग मायक्रो-आरएनएच्या शोधाने उघड झाला. हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे आखूड रेणू असतात. त्यांपासून प्रथिन तयार होत नाही. ते पूरक रचनेच्या संदेशक आरएनएला चिकटतात व त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखतात. १९९३ मध्ये एका गोलकृमीत लागलेल्या या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हायरस या यंत्रणेचा दोन प्रकारे उपयोग करतो. पहिल्यात तो स्वतःचे मायक्रो-आरएनए निर्माण करतो. असे रेणू प्रथम २००४ मध्ये एप्स्टाइन-बार व्हायरसात सापडले. त्यांपैकी एक रेणू, कोशिकेचा आत्मनाश घडवून आणणाऱ्या प्यूमा या प्रथिनाची निर्मिती रोखतो. सायटोमेगॅलोव्हायरसाचा असाच एक रेणू एमआयसीबी हे प्रथिन घटवितो. परिणामी नैसर्गिक मारक कोशिकांना संसर्गित कोशिका ओळखणे अवघड जाते. दुसऱ्या प्रकारात आश्रयी कोशिकेच्याच मायक्रो-आरएनएचे प्रमाण बदलते. उदा., एप्स्टाइन-बार व्हायरस बी-लसीका कोशिकांतील मायक्रो-आरएनए-१५५ वाढवितो.

एका विकारात व्हायरसाचा संबंध निश्चित झाला आहे. एड्सच्या रुग्णांत मेंदूमध्येच उद्‌भवणाऱ्या लसीका-अर्बुदात एप्स्टाइन-बार व्हायरस जवळजवळ नेहमीच आढळतो. प्रतिरक्षा क्षीण झाल्याने येथे व्हायरसास मोकळीक मिळते. एड्सवरील प्रभावी उपचार प्रचारात आल्यावर या अर्बुदाचे प्रमाण पुष्कळ घटले.

ग्लायोमाविषयी मात्र मतभेद आहेत. या अर्बुदांत सायटोमेगॅलोव्हायरस आढळल्याचे चार्ल्स कॉब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. काही प्रयोगशाळांनी त्यास दुजोरा दिला, तर इतर अनेकांना अधिक संवेदनशील पद्धती वापरूनही व्हायरसाचा मागमूस लागला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२ ग्लायोब्लास्टोमा रुग्णांवरील चाचणीत, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे व्हायरसरोधी औषध दिलेल्या व न दिलेल्या गटांतील अर्बुदांच्या आकारमानात लक्षणीय फरक दिसला नाही.

मायक्रो-आरएनएच्या पुराव्यालाही मर्यादा आहेत. ग्लायोब्लास्टोमात मायक्रो-आरएनए-२१ वाढलेले असते, हे २००५ मध्ये दिसून आले. परंतु व्हायरसाशी संबंध नसलेल्या अनेक कर्करोगांतही ते वाढते. म्हणून ते व्हायरसाची खूण ठरत नाही. शिवाय अर्बुदात व्हायरस सापडला, तरी तो आधीपासून होता, अर्बुद झाल्यावर तेथे शिरला, की नमुना दूषित झाला, हे ठरवावे लागते. व्हायरसाचे अस्तित्व, संभाव्य यंत्रणा व कारण या तीन निरनिराळ्या गोष्टी असून पहिल्या दोन्हींवरून तिसरी आपोआप सिद्ध होत नाही.

हा भेद रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मेंदूचे अर्बुद संपर्काने पसरत नाही. त्यामुळे रुग्णास दूर ठेवण्याचे कारण नाही. तसेच व्हायरसरोधी औषधांचा ग्लायोमाच्या प्रस्थापित उपचारांत समावेश नाही. केवळ संभाव्य संबंधाच्या भरवशावर शस्त्रक्रिया वा किरणोपचार लांबणीवर टाकल्यास रुग्णाचा आधीच अपुरा असलेला अवधी वाया जातो.